एक्स्प्रेसवेचं चलान आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘ती’ फाइल

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आले, तेव्हापासून खंडाळा घाटात अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला की चलानची धास्ती असतेच. भामटे नेमकी तीच धास्ती हेरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल येते, शेवटी डॉट एपीके, म्हणजे ती अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल. बरेचदा ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो!

खरं चलान कधीच एपीकेमध्ये येत नाही. शंका असेल तर परिवहनच्या किंवा महाट्रॅफिकच्या अधिकृत साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा.

फाइल इन्स्टॉल केली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. ‘अलाऊ’ दाबलं की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्यांकडे. वर आयकॉनही गायब होतो, म्हणजे काढायचं काय तेच कळत नाही.

झालंच असेल तर आधी फ्लाइट मोड. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करून सेटिंग्जमधली अ‍ॅप्सची पूर्ण यादी तपासा. ‘अनइन्स्टॉल’चं बटण पुसट दिसलं तर घाबरू नका, त्या अ‍ॅपने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेतलेला असतो. तो काढला की बटण चालतं. मी तर फोटोंचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेटच करा म्हणेन. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरूनच बदला.

वडगाव-कामशेतच्या ग्रुप अ‍ॅडमिननो, अशी फाइल दिसली की आधी डिलीट करा, विचारपूस नंतर.