शिवनाथचे पात्र : निसर्गाचे कार्य आणि मानवी नियोजन
भिलाई-दुर्ग परिसरातील नदीचे स्वरूप कसे घडले?

नागपूरहून हावड्याकडे जाणारी रेल्वेगाडी राजनांदगाव सोडून दुर्गच्या जवळ येते, तेव्हा ती शिवनाथ नदीचा पूल ओलांडते. श्रावणात या पुलाखाली दोन्ही काठ भरून वाहणारे गढूळ पाणी दिसते. वैशाखात मात्र याच नदीची दोन वेगवेगळी रूपे आढळतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला संथ, रुंद जलाशय असतो, तर खालच्या अंगाला खडक आणि वाळूतून वाट काढणारी क्षीण धार. पावसाळी रूप निसर्गाने दिलेले आहे. उन्हाळी रूप मात्र बव्हंशी माणसाने ठरविलेले आहे. भिलाई आणि दुर्ग या जुळ्या शहरांचे पाणी, परिसरातील शेती आणि कारखाने या सर्वांचा प्रश्न याच फरकाशी निगडित आहे.

प्राचीन समुद्राचा तळ

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या डोंगराळ प्रदेशात शिवनाथचा उगम होतो. अंबागड चौकी, राजनांदगाव, दुर्ग असा प्रवास करीत सुमारे २९० किलोमीटर अंतर कापून ती शिवरीनारायणजवळ महानदीला मिळते. महानदीच्या उपनद्यांमध्ये ती सर्वांत लांब आहे. तांदुला, खारून, आमनेर, हांप, मनियारी, अरपा आदी नद्यांचे पाणी घेऊन ती सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचा निचरा करते.

हा प्रदेश मोठ्या परातीसारखा आहे. कडेला डोंगर आणि मध्ये जवळजवळ सपाट मैदान अशी त्याची रचना आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळापासून चुनखडी, शेल आणि वालुकाश्म हे खडक तयार झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड नंदिनीच्या खाणींतून मिळू लागला, तो याच थरांमुळे. चुनखडीच्या भेगांत पावसाचे पाणी मुरते आणि पाऊस संपल्यानंतरही हळूहळू नदीत झिरपत राहते. नैसर्गिक स्थितीत उन्हाळ्यातील नदीचा प्रवाह मुख्यतः या झिरपणीवर अवलंबून असतो.

मैदानाला उतार कमी असल्याने नदी खोल दऱ्या कोरत नाही. ती वळणे घेत वाहते. वळणाच्या बाहेरील काठावर प्रवाहाचा वेग अधिक असतो व तो काठ झिजतो. आतील बाजूस वेग मंदावतो आणि तेथे वाळू साचते. पूर काठाबाहेर पसरला की बारीक गाळ शेतांत बसतो. या क्रियेचा ठसा येथील शेतकऱ्यांच्या भाषेतही उमटला आहे. उंचवट्यावरील मुरमाड जमिनीला ‘भाटा’, त्याखालील पिवळसर हलक्या जमिनीला ‘मटासी’, त्याहून भारी जमिनीला ‘डोरसा’, सखल भागातील काळ्या चिकण जमिनीला ‘कन्हार’ आणि नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला ‘कछार’ असे म्हणतात. कोणती जमीन भाताची, कोणती रब्बीची आणि कोणती भाजीपाल्याची, हे या नावांवरूनच समजते.

दुष्काळानंतर तांदुला

या भागात वर्षाला सरासरी अकराशे ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा लहान नाही. परंतु त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. म्हणून पाणी अडविणे ही येथील जुनी गरज आहे. छत्तीसगडमधील अनेक जुन्या गावांबाबत ‘छै आगर छै कोरी’ तलावांची आख्यायिका सांगितली जाते. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव. संख्या प्रत्येक ठिकाणी शब्दशः खरी नसली, तरी गावाची प्रतिष्ठा तलावांवरून मोजली जात होती, हे तिच्यावरून दिसते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या भीषण दुष्काळांनी तलावांची मर्यादा उघड केली. त्यानंतर मध्य प्रांतात मोठ्या पाटबंधारे योजना हाती घेण्यात आल्या. तांदुला नदी आणि सूखा नाला यांच्या संगमावर बालोदजवळ धरण बांधण्यात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आकारास आलेल्या या प्रकल्पाच्या जलाशयाची क्षमता सुमारे ३०० दशलक्ष घनमीटर आहे. भाताच्या पिकाला पावसाच्या खंडात संरक्षण मिळावे, हा त्याचा मूळ हेतू होता.

पोलाद आले, पाण्याचा वाटा बदलला

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, मुंबई-हावडा लोहमार्ग आणि तांदुलाचे पाणी या तिन्ही गोष्टी येथे जवळजवळ होत्या. भट्ट्या थंड ठेवणे, वायू धुणे, वीज निर्माण करणे यांसाठी कारखान्याला बारमाही पाणी लागते. त्यासाठी गोंदलीचा जलाशय उभारण्यात आला, कालव्याचे पाणी भिलाईतील मरोदा तलावांत साठविण्याची सोय झाली आणि पुढे महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणीही या व्यवस्थेला जोडण्यात आले.

परिणामी एकाच साठ्याचे अनेक वाटेकरी झाले. शेतकऱ्याला पाणी भाताच्या हंगामात हवे असते, कारखान्याला ते रोज लागते, तर गावकऱ्यांना उन्हाळ्यात गावतलाव भरून हवे असतात. स्नान, गुरे, कपडे यांसाठीच्या या वापराला येथे ‘निस्तारी’ म्हणतात. पाऊस अपुरा झाला की या वाट्यांचा क्रम कसा लावायचा, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो.

नदीचा एक तुकडा करारावर

१९९८ मध्ये या प्रश्नाला वेगळे वळण लागले. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला दररोज तीन कोटी लिटर पाणी पुरविण्यासाठी अविभाजित मध्य प्रदेशच्या औद्योगिक महामंडळाने रेडियस वॉटर लिमिटेड या खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार केला. त्यानुसार शिवनाथवर बंधारा बांधण्यात आला आणि नदीच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या पट्ट्याचा प्रश्न देशभर चर्चिला गेला. पाण्याचा उठाव कमी झाला तरी ठरावीक प्रमाणाचे पैसे महामंडळाने देण्याची अट करारात होती. मासेमारी, उपसा आणि नदीत उतरणे यांवर निर्बंध येत असल्याच्या तक्रारी काठच्या ग्रामस्थांनी केल्या. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा हा करार वारशाने नव्या राज्याकडे आला. छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली. नदी कोणाची, हा प्रश्न यानिमित्ताने भारतात प्रथमच इतक्या ठळकपणे विचारला गेला.

बंधारा काय करतो?

मालकी कोणाचीही असो, बंधाऱ्याचा नदीवर होणारा परिणाम भौतिक नियमांनुसारच होतो. पाणी अडले की त्याचा वेग कमी होतो आणि सोबत आलेली वाळू व गाळ तेथेच बसतो. साठवणक्षमता घटत जाते. वरच्या बाजूस पातळी उंच राहिल्याने काठच्या विहिरींना फायदा होऊ शकतो. खालच्या बाजूस मात्र गाळाविना सोडलेले पाणी आपला भार भरून काढण्यासाठी तळ आणि काठ खरवडते. त्यात वाळूचा बेसुमार उपसा झाला तर पात्र अधिक खोल जाते आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली ओढली जाते. लहान पूर अडले की कछारात नवा गाळ पडत नाही आणि उन्हाळी डबकी आटली की मासेही उरत नाहीत.

उलट, बंधाराच नसेल तर दुर्ग-भिलाईच्या नळांना उन्हाळ्यात पाणी देणे कठीण होईल. आज तीव्र उन्हाळ्यात वरच्या जलाशयांतून शिवनाथमध्ये पाणी सोडून शहरांची गरज भागविली जाते. थोडक्यात, भूजलाच्या झिरपणीचे काम आता काही प्रमाणात धरणांचे दरवाजे करीत आहेत.

दरवाजे केव्हा व किती उघडायचे, याला म्हणूनच बांधकामाइतके महत्त्व आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी काही पूर मुक्तपणे वाहू दिल्यास साचलेला गाळ पुढे सरकतो. उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली किमान प्रवाह राखल्यास खालच्या गावांचा निस्तार टिकतो. याचे पडसाद राज्याबाहेरही उमटतात. शिवनाथचे पाणी महानदीतून ओडिशातील हिराकूड धरणाकडे जाते आणि या दोन राज्यांमधील वादासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये महानदी जलविवाद लवादाची स्थापना केली. छत्तीसगडमधील बंधारे हा त्या वादाचा एक प्रमुख मुद्दा आहे.

भिलाईत वळविलेल्या प्रत्येक घागरीचा हिशेब अखेर खालच्या काठावर होतो. तेथे वैशाखात किती पाणी उरते, हे पाहिल्याशिवाय वरच्या नियोजनाचे यश ठरविता येणार नाही.