भात सोडला, तरी काटा हलेना!

दिवाळी सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. अशाच एका मंडईहून परतल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चेहरा पार उतरलेला.

"ताई, पाच महिने झाले, मी त भाताचं शीत तोंडात घातलं नाही जी. मंडईतसुद्धा नाही. मग काटा काहून हलत नाही?"

भंडाऱ्यात राहून भात सोडायचा म्हणजे काय, हे इथल्या बाईलाच विचारावे! धानाचा जिल्हा हा. नव्या चिन्नोरचा भात शिजला की वास शेजारपर्यंत जातो. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तरी भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. घरातल्या चार माणसांना दोन्ही वेळा भात रांधून वाढायचा आणि आपण पनीरचे तुकडे चघळत बसायचे. वहिनींनी ते केले होते. मुलीने फोनवर दाखवलेला 'कीटो' आहार त्यांनी धरला आणि वजन पहिल्या पंधरवड्यातच ७८ किलोंवरून ७५ वर आले. तीन महिन्यांनी ७१. त्यानंतर मात्र दोन महिने काटा तिथेच. कधी साडेसत्तर, कधी बहात्तर.

"मग आता काय करता?" मी विचारले.

"रात्रीचं जेवणच बंद केलं आठ दिवसांपासून. पण काल मंडईत घाम फुटला, हातपाय थरथरले. अशक्तपणा आला असंल."

वहिनींना साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. त्या थरथरीला अशक्तपणा म्हणून चालण्यासारखे नव्हते. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे रक्तातली साखर खाली घसरणारच. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली आणि रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करायला सांगितले. काटा अडला की आपण बायका पहिली गोष्ट हीच करतो, बरं का! आणखी उपाशी राहतो. घरातल्या कुणाला सांगतही नाही.

आता हा आहार आहे तरी काय? पिष्टमय पदार्थ दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणायचे आणि बहुतेक उष्मांक तूप-तेल-लोण्यातून घ्यायचे. मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळते आणि रक्तात 'कीटोन' तयार होतात. हे खूळ आजचे नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये या आहाराला नाव दिले, ते अपस्माराच्या रोग्यांसाठी. वजनासाठी तो नंतर फोफावला. आपल्याकडे लोकांना जास्त ठाऊक आहे ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवण्याची पद्धत. तिचे मूळ आपल्या नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांत आहे. पण त्यात भात वर्ज्य नाही. दोन्हींची खिचडी करू नये. वहिनींनी तीही केलीच होती.

पहिल्या पंधरवड्यातल्या तीन किलोंचे गुपित ऐकाल तर हसाल. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी सोडली की हा साठा रिकामा होतो आणि पाणीही निघून जाते. दीड-दोन किलो असे गेले, त्यात चरबी नव्हे. म्हणून पहिल्या पंधरवड्याच्या वेगावरून पुढच्या महिन्यांचा हिशोब मांडला तर निराशाच पदरी येणार. एखाद्या लग्नघरी जेवून आल्यावर एका रात्रीत दोन किलो 'वाढतात', तेही बहुतेक हेच पाणी.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ७१ किलोंच्या शरीराला ७८ किलोंच्या शरीराइतके अन्न लागतच नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला, की कमी झालेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी घटतो, आणि भूक मात्र सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. म्हणजे वहिनींच्या सात किलोंमागे खर्च रोज दीडशे-दोनशे उष्मांकांनी कमी झाला, आणि भूक त्याच्या कितीतरी पट वाढली. जे ताट सुरुवातीला वजन उतरवत होते, तेच आता फक्त तोलून धरत होते. यात बाईचा आळस नाही की जिभेचे चोचले नाहीत. सासूबाईंनी "तुझंच काही चुकत असेल" म्हटले तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

तरीपण स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहावेच लागते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींच्याच ओट्याशी उभी राहिले. तूप चालते म्हणून भाजीवर एक मोठा चमचा, अंड्यावर एक, आणि सकाळच्या चहात एक! एका मोठ्या चमच्यात सव्वाशे उष्मांक. तीन चमचे म्हणजे पावणेचारशे. चार वाजता भूक लागली की भाजलेले शेंगदाणे. ते चांगलेच, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात, आणि फल्लीदाणा खायला बसलेली बाई मूठ मोजते का कधी?

शिवाय काही समजुती. "भात नाही, ज्वारीची भाकर खाते." भाकर गुणी खरी, पण ज्वारीच्या पिठात पिष्ट सत्तर टक्क्यांच्या आसपास असतेच. "बेसन म्हणजे डाळ, ते चालतं." बेसनात निम्म्याहून अधिक पिष्ट असते. पाटवडीचा रस्सा आणि झुणका आठवड्यातून तीनदा झाला की कीटो कुठला राहिला? शेवटी मी भाताच्या गंजाकडे बोट दाखवले.

"यात खाली लागलेली खरवड कोण खातं?"

वहिनी ओशाळल्या. "ते का भात आहे का ताई? फेकवत नाही ना!"

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाच्या ताटात ही खरवड नाही? पोराने टाकलेला घास, उरलेली अर्धी पोळी, मीठ पाहायला घेतलेली डाळ. सगळ्यांचे वाढून झाल्यावर जे उरते, ते आपल्या हिशोबात कधी येतच नाही. एक आठवडाभर तोंडात जाईल ते सगळे वहीत लिहा. दुधाच्या हिशोबाची वही असते ना, तिच्याच मागच्या पानांवर. मीही लिहून पाहिले. माझेच मला खोटे वाटले!

आणि काट्याचीही परीक्षा घ्या. रोज चढू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत. पाळीच्या आधी किलोभर पाणी साचते, लोणचे-पापड जास्त झाले तरी साचते. मीठ-पाण्याच्या या खेळात खरी घट लपून जाते. म्हणून शिवणाचा टेप जवळ ठेवा आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्या भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच ही मर्यादा मानतात. वहिनींचा काटा दोन महिने अडला होता, पण कंबर त्या दोन महिन्यांत एक इंच उतरली होती. परकराच्या नाडीने ते केव्हाच सांगितले होते, पण तिचे ऐकते कोण!

कंबरही हलत नसेल आणि वही स्वच्छ असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. चाळिशीपुढच्या बाईने तर नक्कीच.

वहिनींचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. "आता पुढं काय? जन्मभर भात नाही खायचा का?"

माझे मत स्पष्ट सांगते. जो आहार या धानाच्या मुलखात दहा वर्षे निभणार नाही, त्यावर पाच महिन्यांपेक्षा जास्त जीव टाकू नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवले. एक कमी पिष्टाचा, दुसरा कमी चरबीचा. २०१८ मध्ये निकाल आला. पहिल्यांचे सरासरी ६ किलो उतरले, दुसऱ्यांचे ५.३. म्हणजे फरक असा नाहीच. तेव्हा भात परत आणावा, पण मोजून. ३० ग्रॅम तांदूळ शिजवले की एक लहान कटोरी भरते, तीत सुमारे २४ ग्रॅम पिष्ट. दुपारी एक कटोरी, बस्स. आणि एक गोष्ट विसरू नका. भात आला की तुपाचे ते तीन चमचे गेले पाहिजेत. तूपही भरपूर आणि भातही भरपूर, हा प्रकार कीटोही नव्हे आणि पथ्यही नव्हे. वजन भराभर परत चढते ते याच ठिकाणी.

पोट भरायला प्रथिने धरावीत. आमच्याकडे तलावातले रोहू, कतला, झिंगे बाजारात मिळतात. शाकाहारी असाल तर घट्ट वरण, दही, पोपटाच्या शेंगांचे दाणे. आंबाडीची नाहीतर दुसरी कुठली पालेभाजी ताटात निम्मी. आणि चालणे. वहिनी आता संध्याकाळी खांब तलावाकडे जाऊन येतात, एकट्या नाही, आम्ही तिघी असतो.

काहींनी मात्र हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्या बायका, त्यातही ज्यांच्या गोळीच्या नावाशेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते त्या. पिष्ट एकदम तोडले तर त्यांच्या रक्तात आम्ल साचून जीवावर बेतू शकते, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असे नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही नको. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रोगी बरेच आहेत. शरीरातले पाणी कमी झाले की त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो, तेव्हा त्यांनी या वाटेला जाऊच नये.

वहिनींनी एक जुनी स्टीलची कटोरी भातासाठी वेगळी काढून ठेवली आहे. संक्रांतीच्या सुमारास त्यांचे वजन साडेसत्तर होते, होळीला ६९. साखर ताब्यात आहे, थरथर पुन्हा झाली नाही. खरवड आता त्यांचे यजमान खातात, आणि परवा तेच म्हणत होते की अलीकडे पँट जरा घट्ट होते म्हणून.