पहिले सिझर झाल्यावर दुसरे बाळंतपण : काय विचारावे, काय ठरवावे

आमच्या महिला शाखेच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "पहिल्या वेळी सिझर झालं, आता पुन्हा दिवस गेलेत. या खेपेला नॉर्मल होईल का, की पुन्हा सिझरच करावं लागेल?" विचारणारी कधी स्वतः गरोदर सून असते, कधी तिची सासू असते. अलीकडे एखादा नवराही बैठक संपेपर्यंत बाहेर थांबून हळूच विचारतो, ही आम्हाला समाधानाची गोष्ट वाटते. आमच्यापैकी दोघींनी परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, बाकीच्या आम्ही शिक्षिका व गृहिणी आहोत. तेव्हा हा लेख म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नव्हे. डॉक्टरांपुढे बसल्यावर आपल्या भगिनींना नेमके काय विचारायचे हे कळावे आणि कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलींनी ते घरात समजावून सांगावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

एकदा सिझर झाले म्हणजे पुढे कायम सिझरच, ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली हे विधान केले. गंमत अशी की त्यांचा रोख दुसऱ्या सिझरवर नव्हताच. पहिले सिझर उगाच करू नका, कारण पुढच्या प्रत्येक वेळी ते निस्तरावे लागेल, असे त्यांना आपल्या व्यवसायबंधूंना बजावायचे होते. त्या काळी गर्भाशयावर, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिच्यावर, वरच्या जाड भागात उभा छेद घेत असत. हा भाग कळांच्या वेळी जोराने आकसतो, म्हणून तेथला जुना टाका उसवण्याची भीती मोठी असे. पुढे १९२० नंतरच्या दशकात ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. हा भाग कळांमध्ये फारसा आकसत नाही, त्याची जखमही चांगली भरते. आज बहुतेक सर्व सिझर याच पद्धतीने होतात. छेद बदलला, समजूत मात्र तशीच राहिली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पोटाच्या कातडीवरचा व्रण आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल असे नाही. तो कसा घेतला हे फक्त शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असते. आणि खरी अडचण येथेच आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. डिस्चार्ज कार्ड माहेरच्या पेटीत राहते, नाहीतर घर सारवता-रंगवताना रद्दीत जाते. दुसरे बाळंतपण सासरी, कधी पुण्याला किंवा सुरतेला, कामाच्या ठिकाणी. नव्या डॉक्टरांनी विचारले की पहिले सिझर कशासाठी केले, तर बाई सांगते, "बाळ अडलं होतं म्हणे." एवढ्यावर कोणता डॉक्टर जोखीम घेईल? म्हणून दिवस राहिल्याचे कळताच पहिले काम कोणते, तर माहेराहून तो कागद आणवणे. सापडला नाही तर ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तेथे अर्ज करून नोंद मागावी. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता आकडे पाहू. ज्यांचे आधी एकच सिझर झाले आहे, छेद खालचा व आडवा आहे आणि दुसरा काही दोष नाही, अशा शंभर स्त्रियांनी कळांची वाट पाहून प्रयत्न केला तर त्यांपैकी ७२ ते ७५ जणींचे बाळंतपण खालून होते, असे ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाची मार्गदर्शिका सांगते. आधी एकदा तरी नॉर्मल बाळंतपण झालेले असेल तर हेच प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जाते. पहिले सिझर बाळ पायाळू होते म्हणून झाले असेल तर आशा अधिक, कारण या वेळी बाळ डोक्याकडून असेल तर ते कारणच उरले नाही. कळा देऊन देऊन बाळ खाली सरकलेच नाही म्हणून झाले असेल तर आशा कमी, पण संपलेली नाही.

धोका आहे तो जुना टाका कळांमध्ये उसवण्याचा. दोनशे प्रयत्नांमागे साधारण एक, असे त्याचे प्रमाण आहे. ऐकायला हे थोडे वाटते, पण ज्या एकीवर वेळ येते तिच्या पोटात रक्तस्राव होतो आणि बाळाचा श्वास कोंडतो. मग हातात उरतात ती मिनिटे. म्हणूनच हा आकडा आपल्या जिल्ह्यात जसाच्या तसा उचलून चालत नाही. जेथे शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास तयार असते, तेथले हे आकडे आहेत.

आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत वाटलेला आहे. मलकापूर-मोताळ्याकडची बाई बुलढाण्याला आणायची तर राजूर घाट चढावा लागतो. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या कुशीतल्या वाड्यांवरून पावसाळ्यात डांबरी रस्त्यापर्यंत येणे हेच एक काम आहे. लोणार, सिंदखेड राजाकडची अवघड केस पुष्कळदा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जाते, खामगाव-शेगावकडची अकोल्याला. अशा ठिकाणी 'कळा सुरू झाल्यावर बघू' म्हणणे धोक्याचे आहे. नॉर्मलचा प्रयत्न करायचा असेल तर तो उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मुळीच करू नये, मग तेथल्या सिस्टर कितीही अनुभवी असोत. बुलढाण्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय असो, खामगावचे सामान्य रुग्णालय असो की खासगी दवाखाना असो, तीन प्रश्न आधीच विचारावेत. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात येतील? आमच्या गटाचे रक्त कोठून मिळेल? कळा चालू असताना बाळाचे ठोके सतत कोण पाहील? उत्तरे गुळमुळीत मिळाली तर तेथे प्रयत्न करू नये.

येथे डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात दर शंभर प्रसूतींमागे २५ सिझरने झालेल्या आढळल्या. देशभराचा विचार करता सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४ होते तर खासगीत ४७. हा फरक पाहून लोक लगेच पैशाचा खेळ म्हणतात. तो कोठेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांकडे रात्रभर पाहारा द्यायला दुसरा माणूस नसतो, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून बोलवावा लागतो. "माझ्याकडे ही सोय नाही, म्हणून मी सिझरच करीन" असे जो डॉक्टर स्पष्ट सांगतो तो प्रामाणिक आहे. "टाका पातळ आहे", "नाळ मानेभोवती आहे" एवढेच सांगून जो विषय संपवतो त्याला मात्र पुढचा प्रश्न जरूर विचारावा. सोनोग्राफीत टाक्याची जाडी मोजता येते, परंतु अमुक मिलिमीटरच्या खाली प्रयत्नच नको असा सर्वमान्य आकडा नाही. नाळ मानेभोवती तर दर चार-पाच बाळांमागे एकाच्या असते आणि तेवढ्यावरून सिझर करावे लागत नाही.

काही स्त्रियांनी मात्र प्रयत्नाचा विचारच करू नये. छेद उभा व वरचा होता, पूर्वी टाका उसवला होता, वार पिशवीच्या तोंडावर आली आहे किंवा बाळ आडवे आहे, अशा वेळी दिवस ठरवून सिझर करणेच शहाणपणाचे. दोन बाळंतपणांतले अंतर दीड वर्षाहून कमी असेल तरी टाका उसवण्याची भीती वाढते. अंगात रक्त कमी असेल तर दोन्ही मार्ग अवघड होतात, तेव्हा लोहाच्या गोळ्या चुलीमागे न ठेवता पोटात जाऊ द्याव्यात.

आणखी एक इशारा. कळा लवकर याव्यात म्हणून गावातल्या कोणाकडून इंजेक्शन घेणे किंवा कोणी दिलेली गोळी ठेवून घेणे जुना टाका असलेल्या बाईच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की आपोआप कळा आलेल्या हजार जणींमध्ये पाच जणींचा टाका उसवला, तर प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधाने कळा आणलेल्या हजार जणींमध्ये चोवीस जणींचा.

मग सरळ दुसरे सिझर केले तर काय बिघडते, असे सासूबाई विचारतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. ठरवून केलेल्या सिझरमध्ये टाका उसवण्याची भीती जवळजवळ राहत नाही, घरच्यांना तारीख कळते, गाडीची सोय होते. पण बाई उठून कामाला लागायला दिवस लागतात, रक्तस्राव व जंतुसंसर्ग अधिक संभवतो आणि पुढच्या प्रत्येक सिझरगणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर तो फारच वाढतो. दुसऱ्या सिझरच्या वेळी अशा शंभरांत सुमारे ११ जणींची वार रुतलेली सापडली, तिसऱ्या वेळी ४०. अशा वेळी पुष्कळदा पिशवीच काढावी लागते.

अर्थात दोन मुलांवर थांबायचे असेल तर पुढच्या या धोक्याचे वजन कमी होते. आपल्याकडे अनेक कुटुंबे म्हणतात, सिझरमध्येच नसबंदीही उरकून घेऊ, दोन्ही कामे एकदाच. हा हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण केवळ नसबंदीसाठी पोट उघडायचे असेल तर ती नॉर्मल बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत लहानशा छेदातूनही होते. आणि नवऱ्याची शस्त्रक्रिया तर त्याहून सोपी असते. बैठकीत हे वाक्य आले की पुरुष मंडळींना अचानक कामे आठवतात.

तारखेविषयीही बोलले पाहिजे. ठरवून करायचे सिझर, दुसरे वैद्यकीय कारण नसेल तर, ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये. लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. मुहूर्त काढून बाळ जन्माला घालणाऱ्यांना आपण हसतो. पण पंचांग सोडलेल्या आपल्याच घरांतून "१४ एप्रिलला करता येईल का, डॉक्टर?" असे विचारले गेल्याचे आम्ही ऐकले आहे. बाळाला ती तारीख ठाऊक नसते.

मोताळा तालुक्यातील एका भगिनीची हकीकत येथे देतो. पहिले बाळ पायाळू म्हणून मेहकरकडे माहेरी सिझर झाले होते. भावाने एस.टी.ने येऊन कार्ड आणून दिले. छेद आडवा, अंतर तीन वर्षांचे. डॉक्टरांनी प्रयत्नाला होकार दिला. अडतिसाव्या आठवड्यात ती शहरात मावशीकडे येऊन राहिली. कळा आपोआप आल्या, नऊ तास चालल्या, मग बाळाचे ठोके उतरू लागले आणि अर्ध्या तासात सिझर झाले. मुलगी सुखरूप. शेजारणी म्हणाल्या, "आधीच केलं असतं तर एवढा त्रास कशाला?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कळा देऊन मग करावे लागणारे सिझर हे ठरवून केलेल्यापेक्षा जड जाते आणि प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी एकीच्या वाट्याला ते येतेच. ती स्वतः मात्र म्हणाली, "मला कारण समजलं होतं. पहिल्या वेळी कोणी सांगितलंच नव्हतं." चिखलीकडच्या दुसऱ्या एका भगिनीचे पहिले नॉर्मल, दुसरे सिझर होते, तिसरे पुन्हा नॉर्मल झाले आणि तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

खर्चाच्या भीतीने निर्णय बदलू नये. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, मग ते नॉर्मल असो वा सिझर, औषधे, रक्त, जेवण व येण्या-जाण्याच्या गाडीसह मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. कागद घेऊन त्या दिवशी जावे आणि सातवा महिना संपण्याआधी दवाखाना पक्का करावा.

कळांच्या मधल्या वेळेतही पोट सतत दुखणे, जुन्या टाक्यावर टोचल्यासारखे होणे, अंगावरून रक्त जाणे, चालू असलेल्या कळा एकाएकी थांबणे किंवा चक्कर येणे, यांपैकी काहीही झाले तरी घरी थांबू नये. १०२ किंवा १०८ ला फोन लावताच नाव-गावाबरोबर "पहिलं सिझर झालेलं आहे" हे सांगावे, म्हणजे गाडी जवळच्या केंद्रात न थांबता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्याकडे नेता येईल. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाळाच्या दुपट्यांबरोबर आधीच बांधून ठेवावे.