पिल्लाचा रंग मोठेपणी का बदलतो?

या पाठातून तुम्ही काय शिकाल
• कुत्र्याच्या केसाला रंग कसा मिळतो
• जन्माचा रंग आणि मोठेपणीचा रंग यांत फरक का पडतो
• कोणते रंग बदलतात, कोणते बदलत नाहीत
• वयाचा बदल आणि आजाराचा बदल वेगळा कसा ओळखावा

१. प्रस्तावना

वाराणसीचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. हे बांधकाम इतके जड होते की घाटाचा काही भाग खचला. कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर घाटालगतच आहे. काशीच्या इतर घाटांप्रमाणे येथेही पायऱ्यांवर गावठी कुत्री राहतात. त्यांची बहुतेक पिल्ले पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडावर जन्मतात. पुढच्या पावसाळ्यात गंगा चढते, खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि कुत्री वरच्या गल्ल्यांत सरकतात. पाणी ओसरून ती पुन्हा घाटावर दिसू लागतात तेव्हा नोव्हेंबरचे पिल्लू दहा महिन्यांचे झालेले असते. थंडीत काळपट दिसलेले पिल्लू तोवर बदामी झालेले असू शकते. पाहणाऱ्याला वाटते, हे कुत्रे दुसरेच.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. कुत्रा कालभैरवाचे वाहन मानला जातो. महाराष्ट्रात दत्त आणि खंडोबा यांच्यासोबतही कुत्री असतात. काळे पिल्लू पाहिजे म्हणून घरी आणले आणि सहा महिन्यांत ते तांबूस झाले, तर ‘फसलो’ किंवा ‘याला रोग लागला’ असे घरच्यांना वाटू शकते, आणि अशा समजापायी पिल्लू पुन्हा रस्त्यावर जाऊ शकते. याच्या उलटही घडते. खरा त्वचारोग ‘वयाने रंग बदलतोय’ म्हणून अंगावर काढला जातो. दोन्हींत नुकसान पिल्लाचेच होते.

२. रंग येतो कुठून?

कुत्र्याच्या केसांत दोनच मूळ रंगद्रव्ये असतात. युमेलानिन काळा किंवा तपकिरी रंग देते, तर फिओमेलानिन पिवळसर ते तांबडा. गावठी कुत्र्यांत दिसणारे बदामी, पट्टेरी, काळे-तांबडे असे सगळे प्रकार या दोघांच्या प्रमाणातून आणि मांडणीतून तयार होतात. पांढरा हा रंग नव्हे. तेथे रंगद्रव्यच नसते किंवा अगदी थोडे असते.

रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना मेलानोसाइट म्हणतात. गर्भावस्थेत त्या पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात. कपाळ, छाती, पंजे आणि शेपटीचे टोक ही ठिकाणे सर्वांत लांबची असल्याने पेशी तेथे पोहोचल्या नाहीत तर तो भाग पांढरा राहतो. कुत्र्यांत पांढरे पंजे आणि छातीवरचा पांढरा ठिपका इतका सामान्य असण्याचे कारण हेच.

काळे द्रव्य करायचे की तांबडे, हे ठरवण्यात ‘अगूटी’ जनुकाचा मोठा वाटा आहे. त्याचे प्रथिन मेलानोसाइटला काळे द्रव्य थांबवून तांबडे करायला लावते. २०२१ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले की या जनुकाला दोन स्वतंत्र ‘बटणे’ आहेत. एक पोटाकडच्या आणि पाठीकडच्या रंगातला फरक ठरवते. दुसरे केसाच्या वाढीच्या चक्राप्रमाणे चालू-बंद होते. या दोन बटणांच्या वेगवेगळ्या रूपांतून कुत्र्यांतील पाच मुख्य नमुने तयार होतात.

३. केस रंग बदलत नाही, केसच बदलतो

या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. रंगद्रव्य केसात भरले जाते ते केस मुळाशी वाढत असतानाच. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. शरीर त्यात नंतर काही घालत नाही की त्यातून काही काढत नाही. म्हणून अंगाचा रंग आतून बदलायचा तर जुना केस गळून नवा यावा लागतो, किंवा वाढत्या केसाच्या मुळाशी वेगळे द्रव्य भरले जावे लागते.

आपल्याकडे बाळाचे पहिले केस म्हणजे जावळ. पिल्लाच्या अंगावरची मऊ लव हे त्याचे जावळच समजा. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात ती गळू लागते आणि वर्षभराच्या आसपास प्रौढ केसांचे आवरण तयार होते. काही जातींत त्याहून उशीर लागतो. रंगातला मोठा बदल याच काळात दिसतो.

४. बदलाचे चार मुख्य प्रकार

(अ) काळपट ते बदामी. पिल्लू जन्मताना काळसर झाक असलेले असते. नव्या केसांत तांबडा भाग वाढतो, काळा भाग टोकांपुरता उरतो. गावठी कुत्र्यांत हा प्रकार नेहमी दिसतो. अशा पिल्लाच्या कानामागे, पायांवर किंवा शेपटीखाली तांबूस केस दिसले, तर ते पुढे उजळण्याची शक्यता असते.

(आ) तांबडा भाग वर चढणे. पिल्लू काळे असते. भुवयांवर, गालांवर, छातीवर आणि पायांवर तेवढे तांबडे ठिपके असतात. वाढताना तांबडा रंग वर सरकतो आणि काळा पाठीवर खोगिरासारखा उरतो. जर्मन शेफर्ड आणि एअरडेल टेरियर ही याची ओळखीची उदाहरणे.

(इ) काळा ते राखाडी. केरी ब्लू टेरियरची पिल्ले काळी जन्मतात आणि पुढच्या एक-दोन वर्षांत निळसर राखाडी होतात. येथे प्रत्येक नव्या केसात रंगद्रव्य कमी भरले जाते.

(ई) पांढऱ्यावर ठिपके. डाल्मेशियनची पिल्ले जवळजवळ पूर्ण पांढरी जन्मतात. दहा-पंधरा दिवसांनंतर ठिपके दिसू लागतात. गावठी पिल्लांच्या पांढऱ्या पायांवरही असे बारीक ठिपके पहिल्या काही आठवड्यांत उमटू शकतात.

याखेरीज डोळे उघडताना दिसणारी निळसर झाक पुढील काही आठवड्यांत जाते आणि अनेक पिल्लांचे गुलाबी नाक काळे होते. हेही रंगद्रव्य हळूहळू साठण्यामुळेच.

५. काय बदलत नाही?

मोठे पांढरे पट्टे आणि डाग जवळजवळ कायम राहतात. काही कुत्री अगूटीच्या हुकुमाला दाद न देणाऱ्या वेगळ्या जनुकामुळे काळी असतात. त्यांत तांबडे खुणेलाही नसते आणि ती मोठेपणीही काळीच राहतात. ज्यांचे काळे द्रव्य जन्मतःच तपकिरी असते, त्यांचे नाकही तपकिरी असते व तसेच राहते. म्हणून लसीकरणाच्या किंवा दत्तक देण्याच्या नोंदीत फक्त ‘काळे पिल्लू’ असे लिहू नका. पांढऱ्या खुणा कोठे आहेत, कोणता पंजा पांढरा आहे, शेपटीचे टोक कसे आहे, हे लिहा. वर्षानंतर ओळख पटते ती याच खुणांवरून.

आणखी एक लक्षात ठेवा: एकाच वेतातील पिल्लांचे वडील वेगवेगळे असू शकतात. भावंडांचे रंग जुळत नाहीत म्हणून ती एका आईची नाहीत, असा निष्कर्ष काढू नये.

६. रंग की आजार? मुळाची परीक्षा

पाळीव पिल्लाचे केस बोटांनी विंचरून मुळाशी पाहा.

• मूळ काळे, टोक तांबूस: बहुधा उन्हाचा परिणाम. ऊन मेलानिनचा ऱ्हास करते. पिल्लू निरोगी असेल तर काळजी नको.
• मुळाशी नवा, दाट, वेगळ्या रंगाचा केस. त्वचा स्वच्छ: वयाचा बदल.
• काळ्या पिल्लाचा नवा केसच तांबूस, निस्तेज आणि विरळ. अंगही धरत नाही: आहार तपासा. मेलानिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनते आणि ते बनवणाऱ्या विकराला तांबे लागते. नुसत्या पोळी-दुधावर वाढणाऱ्या पिल्लाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत.
• पांढऱ्या पंजांवर किंवा तोंडाभोवती तपकिरी डाग: सतत चाटल्याने लाळेचा डाग. चाटण्याचे कारण शोधावे लागते.
• टक्कल पडलेले चट्टे, खाज, खपल्या, लाल किंवा काळवंडलेली त्वचा: हा रंगबदल नव्हे. खरूज किंवा नायटा असू शकतो. दोन्हींचे काही प्रकार माणसांनाही होतात, पशुवैद्याला दाखवा.

थोडक्यात, वयाच्या बदलात केस जातो आणि त्याच्या जागी चांगला केस येतो. आजारात केस जातो आणि जागा उघडी पडते.

७. घाटावर निरीक्षण करताना

शिंदे घाटाला लागूनच मणिकर्णिका घाट आहे. थंडीत कुत्री उबेसाठी राखेत झोपतात, त्यामुळे कोणतेही पिल्लू राखाडी दिसू शकते. ते अंग झटकेपर्यंत थांबा, मगच रंग नोंदवा. दर महिन्याला एकाच बाजूने, सावलीत, लांबून छायाचित्र घ्या. पिल्लू उचलू नका. आई जवळच असते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

सारांश

पिल्लाचा जन्माचा रंग हा त्याचा कायमचा रंग असेलच असे नाही. जावळ गळते आणि नवा केस जनुकांनी ठरवलेल्या प्रमाणात काळे-तांबडे द्रव्य घेऊन येतो. पांढऱ्या खुणा टिकतात, त्यांवरून ओळख ठेवावी. पिल्लू निवडताना रंगावर भिस्त ठेवू नये आणि रंग पालटला म्हणून त्याला टाकू नये.

स्वाध्याय

१. उन्हाने तांबूस झालेला केस आणि वयाने तांबूस झालेला केस यांत मुळाशी काय फरक दिसेल?
२. कुत्र्यांचे पंजे आणि शेपटीचे टोक अनेकदा पांढरे का असते?
३. तुमच्या गल्लीतील एका पिल्लाची ओळख पटवणारी नोंद पाच ओळींत लिहा. त्यात वर्षानंतरही टिकणाऱ्या खुणा अधोरेखित करा.