विजेची तोंडी परीक्षा

लेखी परीक्षेंत न येणारा प्रश्न सोडून देतां येतो. तोंडी परीक्षेंत तो समोर खुर्ची टाकून बसतो. आमचा पुतण्या यंदा विद्युत्-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हां डोंबिवलीच्या आमच्या घरांत सकाळ-संध्याकाळ येरझारा घालीत त्याचें घोकणें सुरू झालें. "तापमान स्थिर असतां वाहकांतील प्रवाह त्याच्या दोन टोकांमधील विद्युद्दाबाच्या समप्रमाणांत असतो," हें वाक्य त्यानें इतक्या वेळां म्हटलें कीं आमच्या वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, तेंहि पाठ झालें.

ज्या ओहमचा हा नियम, तो जर्मनींतील एक शाळामास्तर होता. त्यानें निरनिराळ्या लांबीच्या तारा घेऊन प्रयोग केले आणि १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशांत त्याची फारशी कदर झाली नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कॉप्ले पदक दिलें तें १८४१ सालीं. चौदा वर्षांनीं मान्य झालेलें वाक्य आमचे विद्यार्थी चौदा सेकंदांत म्हणून मोकळे होतात, आणि परीक्षकानें "बरें, मग?" एवढेंच विचारलें कीं गडबडतात.

मीं उमेदीचीं वर्षें विजेच्याच कामांत घालविलीं आहेत. म्हणून पुतण्याला म्हटलें, "व्याख्या पुरे. ज्या लोकलनें तूं रोज कॉलेजला जातोस तिच्याविषयीं सांग. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला तेव्हांच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. आज तारेंत २५००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांपैकीं हार्बरचा शेवटचा भाग २०१६ सालीं बदलला. एवढा खटाटोप कशासाठीं?"

"गाडीला अधिक शक्ति मिळावी म्हणून," तो म्हणाला.

उत्तर चूक नव्हे, पण अपुरें. गाडीला ३० लाख वॅट हवे आहेत असें समजूं. १५०० व्होल्टवर त्यासाठीं २००० अँपिअर प्रवाह लागेल; २५००० व्होल्टवर १२० पुरतात. (पॉवर फॅक्टरचा हिशेब येथें सोडून दिला आहे, परीक्षकासमोर सोडूं नये.) प्रवाह सुमारें सतरा पटींनीं घटला. परंतु तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, म्हणून त्याच तारेंतला तोटा जवळजवळ २७८ पटींनीं घटतो. तारा बारीक चालतात, वीज-उपकेंद्रें दूरदूर ठेवतां येतात. मग १९२५ सालच्या मंडळींना हें ठाऊक नव्हतें काय? होतें. पण गाडी जागची हलवितांना जो जोर लागतो तो एकदिश प्रवाहाच्या मोटारी उत्तम देत, आणि धांवत्या डब्यांत प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून घेण्याचीं सोयीचीं साधनें त्या काळीं नव्हतीं.

"मग एकदिश प्रवाहच ट्रान्स्फॉर्मरनें चढवावा," मीं मुद्दाम म्हटलें.

"ट्रान्स्फॉर्मर चालणारच नाहीं. कांहीं होणार नाहीं."

येथें पुष्कळ जण फसतात. कांहीं होणार नाहीं असें नव्हे; ट्रान्स्फॉर्मर जळेल. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळें वेटोळ्यांत जो विरोधी दाब उत्पन्न होतो तोच प्रवाहाला आवर घालतो. क्षेत्र स्थिर झालें कीं उरतो केवळ तांब्याच्या तारेचा अल्पसा रोध.

वहिनी बाजूला गवार मोडीत बसल्या होत्या. मीं तिसरा प्रश्न टाकला : "घरांतला फ्यूज माणसाला वांचवितो काय?"

"अर्थात्!" पुतण्या म्हणाला. "त्यासाठींच तर तो असतो."

मीं कागद पुढें केला. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धर. दाब २३० व्होल्ट. तुझ्याच नियमाप्रमाणें शरीरांतून ०·२३ अँपिअर जातील. हृदयाची लय बिघडवून प्राण घेण्यास एवढा प्रवाह पुरेसा आहे. पाणी तापविण्याच्या गीझरचा फ्यूज १६ अँपिअरचा. त्याच्या लेखीं हा प्रवाह सत्तराव्या हिश्श्याइतकाच. माणूस मरेल, फ्यूज शाबूत राहील. तो तारा वितळूं नयेत, आग लागूं नये म्हणून असतो.

पुतण्या कागदाकडे पाहत राहिला. वहिनींचा हात थांबला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मग गीझर चालू असतांना न्हाणीघरांतल्या नळाला हात लावला कीं मुंग्या येतात, त्या कसल्या?"

"केव्हांपासून?"

"झाले दोन महिने. मला वाटलें, माझाच हात बधिर होतो."

मीं आधीं गीझर बंद करविला. वायरमन आला, त्यानें प्लग उघडला. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार कोणीं तरी कापून गुंडाळून ठेवली होती. गीझरच्या तापणाऱ्या कांबीचें आवरण आंतून फुटलें होतें, त्यांतून वीज पत्र्याच्या टाकींत आणि तेथून नळांत उतरत होती. वहिनींच्या पायांत रबरी सपाता असत, म्हणून मुंग्यांवर निभावलें.

वायरमननें तार जोडली आणि ३० मिलिअँपिअरचें गळती-रक्षक बसविलें. घरांत शिरणारा आणि परत जाणारा प्रवाह हें साधन सारखे ताडून पाहतें. दोहोंत फरक पडला, म्हणजे वीज भलत्या वाटेनें जमिनींत जात आहे असें दिसलें, कीं सेकंदाच्या लहानशा अंशांत पुरवठा तोडतें. गीझरचें बटण दाबतांच तें खटकन् पडलें.

"काका, यानें जोडणींत चूक केली," पुतण्या म्हणाला.

"नीट विचार कर."

तो बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "चूक गीझरमध्यें आहे. ती दोन महिने होतीच; आज कोणीं तरी पाहिली." आणि नवी कांब येईपर्यंत कोणीं गीझर लावूं नये म्हणून त्यानें बटणावर कागद चिकटविला.

त्या रक्षकावर 'टी' अक्षराचें एक लहान बटण असतें. महिन्यांतून एकदां तें दाबून रक्षक पडतो कीं नाहीं हें पाहावयाचें असतें. आमच्याकडे तें काम आतां वहिनींनीं स्वतःकडे घेतलें आहे. पुतण्याच्या परीक्षेंत फ्यूजचा प्रश्न निघालाच नाहीं; त्याला विचारलें, तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का कां बसत नाहीं.

"काय सांगितलेंस?" वहिनींनीं विचारलें.

"तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात, आई. दुसऱ्या टोंकाला तिनें आपला नळ धरलेला नसतो."