टायरचा पिवळा दिवा काय सांगतो?

अलीकडच्या अनेक मोटारींत चालकासमोरच्या फलकावर एक लहानसे पिवळे चिन्ह असते. घोड्याच्या नालासारखा आकार, खाली दातेरी रेघ आणि मधोमध उद्गारचिन्ह. हे टायरच्या छेदाचे चित्र आहे. चाकातली हवा ठरावीक मर्यादेखाली गेली की ते उजळते. आमच्या गाडीतला हा दिवा गेल्या हिवाळ्यात लागला तो जाईचना. हवा भरावी, दिवा विझावा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा सकाळी हजर!

आम्ही नावड्याला राहतो. एका बाजूला कळंबोली, दुसऱ्या बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत. कामावरून येताना मी पंपावर हवा भरून घेत असे. तिथला मुलगा म्हणाला, "साहेब, हवा बरोबर आहे, सेन्सर गेला असेल." एका गॅरेजवाल्याने तर दिवाच बंद करून देण्याची तयारी दाखवली. खरे सांगायचे तर मलाही ते पटू लागले होते. पुढच्या आठवड्यात एका लग्नासाठी आम्हां पाच जणांना द्रुतगती मार्गाने पुण्याला जायचे होते आणि रोजच्या या कटकटीला मी कंटाळलो होतो. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने मात्र विचारले, "बाबा, सेन्सर बिघडला असेल तर हवा भरल्यावर तो बरा कसा होतो?" वर्गात विद्यार्थ्यांना वायूंचे नियम शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचू नये, याची मला लाजच वाटली.

आमच्या गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर चारही चाकांसाठी ३३ हा आकडा आहे. म्हणजे दर चौरस इंचाला ३३ पौंड दाब. यापुढे मी नुसते 'पौंड' म्हणेन. या आकड्याबरोबर एक अट असते आणि ती कोणी वाचत नाही : हवा मोजताना टायर थंड असला पाहिजे. गाडी काही तास उभी राहिलेली असली पाहिजे.

असे का? हवा म्हणजे इकडून तिकडे वेगाने धावणारे असंख्य रेणू. ते टायरच्या आतल्या पृष्ठभागावर सतत आदळतात, त्याचाच दाब होतो. हवा तापली की रेणूंचा वेग वाढतो, दाबही वाढतो. टायरचे घनफळ फारसे बदलत नाही, म्हणून दाब हा केवल तापमानाच्या सम प्रमाणात असतो, असे म्हणता येईल. केवल तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणारा आकडा.

येथे एक खाचखळगा आहे, त्यात पुष्कळ विद्यार्थी पडतात. आपला दाबमापक ३३ दाखवतो तो वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब. पूर्ण बसलेल्या टायरमध्येही हवा असतेच. तिचा दाब बाहेरच्या इतका, म्हणजे १४.७ पौंड असतो, पण मापक शून्य दाखवतो. नियम लावायचा तो आतल्या एकूण दाबाला. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७ पौंड.

आता माझी चूक पाहा. दुपारी गाडी चालवून पंपावर पोचलो तेव्हा टायरमधली हवा समजा ५० अंशांवर होती. तेव्हा मापकावर ३३ करून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे नावड्यात १८ अंश तापमान. नवा एकूण दाब : ४७.७ × २९१ ÷ ३२३ = ४३. त्यातून १४.७ वजा केले की उरले अवघे २८.३. हवेचा एकही रेणू बाहेर न जाता जवळजवळ पाच पौंडांची घट! ठोकताळा असा की सहा अंशांना सुमारे एक पौंड. पंपावरचा मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याने अवेळी मोजलेला आकडा मला सांगितला होता, इतकेच.

पण एवढ्याने कोडे सुटत नव्हते. आमचा दिवा २७ च्या आसपास लागतो. नुसत्या थंडीने तो लागायला नको होता. मग उरलेली घट कुठली? थंडी आणि गळती या दोन्हींचा परिणाम मापकावर सारखाच दिसतो. त्यांना वेगळे कसे करायचे?

उत्तर गाडीतच होते. गाडीला चाके चार. हवामान चौघांना सारखेच, गळती मात्र चारही चाकांना एकाच वेळी, एकसारखी होणे कठीण. म्हणजे तीन चाके चौथ्याचे साक्षीदार ठरतात. आम्ही तबकडीचा एक साधा मापक आणला. एका रविवारी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी हातपंपाने चारही चाकांत ३३ पौंड हवा केली. बाहेर तापमान २४ अंश. पुढे रोज सकाळी साडेसहाला मुलगी वही-पेन्सिल घेऊन खाली उतरू लागली. मापक लावताना थोडी हवा फुस्सकन निघून जाते खरी, पण ती चारही चाकांतून सारखीच जाते, तेव्हा तुलनेला बाध येत नाही.

बुधवारी तापमान २१ अंश. तीन चाके साडेबत्तीस, मागचे डावे ३१. नवव्या दिवशी, मंगळवारी, थंडी वाढून तापमान १७ अंशांवर आले. तीन चाके ३२, मागचे डावे २७ आणि फलकावर पिवळा दिवा.

तीन चाकांचा एक पौंड थंडीने नेला हे गणितानेही जुळते : ४७.७ × २९० ÷ २९७ = ४६.६, त्यातून १४.७ गेले की ३१.९. चौथ्याचे मात्र पाच पौंड जास्त गेले. ती गळती. किती हवा गळली? मापक ३२ वरून २७ वर आला म्हणून सहावा हिस्सा गेला असे म्हणाल तर फसाल. एकूण दाब ४६.६ हवा होता, तो ४१.७ आहे; म्हणजे नऊ दिवसांत जेमतेम दहावा हिस्सा. डोळ्यांना दिसू नये, कानाला ऐकू येऊ नये इतकी बारीक ही गळती.

ती शोधायला साबणाचे पाणी पुरते. पंक्चरवाले व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट लावून बुडबुडा येतो का पाहतात, तत्त्व तेच. आमचा व्हॉल्व्ह निर्दोष निघाला. गाडी थोडी थोडी पुढे ढकलत टायरच्या नक्षीवर फेस फासत गेलो, तेव्हा एका खाचेत फेसाची बारीक द्राक्षे फुगू लागली. आत एक आखूड स्क्रू रुतला होता, डोके झिजून गुळगुळीत झालेला. कारखान्यांच्या रस्त्यावर अशा वस्तूंना तोटा नाही. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये रबर असल्या स्क्रूला घट्ट धरून ठेवते, म्हणून हवा एकदम जात नाही. तो घरी उपटू मात्र नका, चाक जागच्या जागी बसेल. संध्याकाळी पंक्चरवाल्याने स्क्रू काढला आणि भोकात चिकट रबरी दोरी ठासून दिली.

पाच पौंड कमी असले तर असे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. गाडीचे वजन सुमारे हजार किलो धरा. एका चाकावर २५० किलो, म्हणजे ५५० पौंड भार. ५५० ला ३३ ने भागले की साधारण १७ चौरस इंच येतात. पोस्टकार्डाहून जरा लहान एवढ्याच तुकड्यावर चाक रस्त्याला टेकते. २७ पौंडांना तो तुकडा वीस चौरस इंचांवर, म्हणजे पोस्टकार्डाहून मोठा होतो. हिशोब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ असा की टायर जास्त चेपतो आणि त्याच्या बाजू जास्त वाकतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेते. बाजूचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन उरतो. हवा फारच कमी असेल, गाडी भरलेली असेल आणि वेग तासभर टिकला, तर टायर इतका तापू शकतो की त्याचे थर सुटतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. त्या मंगळवारी सकाळी लागलेला दिवा पनवेलला पोचेपर्यंत विझला होता. हवा तर कोणी भरली नव्हती! चालण्याने आतली हवा ४० अंशांपर्यंत तापली असे धरा : ४१.७ × ३१३ ÷ २९० = ४५, म्हणजे मापकावर ३० च्या वर. मर्यादा ओलांडली, दिवा विझला. हवा कमी तशीच होती आणि टायर तापत होता, फक्त सूचना थांबली होती. दुसऱ्या दिवशी कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागेपर्यंत आमचा दिवा असाच विझला असता आणि पाच माणसे घेऊन मी निर्धास्तपणे घाटाकडे निघालो असतो.

दिव्याला हे कळते कसे तेही पाहू. एका प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी बॅटरीवर चालणारा संवेदक असतो. तो दाब मोजून रेडिओलहरींनी कळवतो. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते, तेव्हा खरोखरच सेन्सर जातो. पण तेव्हा बऱ्याच गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजतच नाहीत. कमी हवेचे चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. ब्रेकच्या यंत्रणेतील मोजणीवरून तो फरक ओळखतात. युक्ती सुंदर आहे, परंतु चारही चाके सारखीच उतरली तर तिला फारसे कळत नाही. शिवाय हवा भरल्यावर 'आता हे बरोबर समज' असे तिला बटण दाबून सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळेही कित्येकांचा दिवा जात नाही.

टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेत सन २००० मध्ये या दिव्यासंबंधी कायदा झाला. हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्क्यांनी उतरली की दिवा लागला पाहिजे, असा तिथला नियम आहे. म्हणजे दिवा लागेपर्यंत उशीरच झालेला असतो. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलले : ट्यूबरहित टायर, ही सूचक यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर लहान मोटारीला जादा चाक ठेवण्याची सक्ती राहिली नाही. पंपावर पैसे घेऊन भरतात त्या नायट्रोजनबद्दलही विचारले जाते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि थंडीत दोन्हींचा दाब सारख्याच नियमाने उतरतो. माझे पैसे मी मापकावर घातले.

स्क्रू काढल्यानंतरच्या सकाळी चारही चाके पुन्हा थंड असताना ३३ केली आणि आम्ही लग्नाला गेलो. वही मुलीने अजून सोडलेली नाही. तिने घातलेले एक गणित तुम्हीही करून पाहा. नावड्यात २४ अंशांना ३३ पौंड हवा भरून गाडी लोणावळ्याला नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे १४ अंश तापमान आहे आणि उंचीमुळे वातावरणाचा दाब १३.७ पौंड. हातातला मापक किती दाखवील? उत्तर ३२.४ यायला हवे. चाकात बंद असलेल्या संवेदकाला मात्र बाहेरचा दाब ठाऊक नसतो. काही गाड्या एकूण दाबातून नेहमीचे १४.७ च वजा करतात. अशा गाडीचा फलक काय दाखवील आणि दोघांपैकी बरोबर कोण?