स्वस्त ग्राफिक्स कार्डाचे मोल

कमी किमतीची वस्तू आणि स्वस्त वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बाजारात त्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात. संगणकावर खेळ खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाची पहिली फसगत तेथेच होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो की बंगळूरचा एस. पी. रोड असो, दुकानदाराचा पहिला प्रश्न "बजेट किती?" हाच असतो. प्रश्न व्यवहाराचा आहे. मात्र त्याच्या उत्तरातून जे हाती येते ते त्या रकमेत बसणारे कार्ड असते, त्या रकमेचे मोल देणारे असेलच असे नाही. ज्या घरात एकच संगणक आहे, दिवसा त्यावर अभ्यास आणि रात्री खेळ चालतो, तेथे एकदा घेतलेले कार्ड पाच-सहा वर्षे पुरवावे लागते. निवड चुकली तर ती चूकही तेवढीच वर्षे सोबत करते.

कार्डाचे काम सांगायला सोपे आहे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख बिंदू असतात. खेळ डोळ्यांना सलग दिसायचा तर हे सबंध चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. एका चित्राच्या वाट्याला त्यामुळे जेमतेम १६ ते १७ मिलिसेकंद येतात. परीक्षक मंडळी कार्डाची किंमत सेकंदाला निघणाऱ्या चित्रांच्या संख्येने भागतात आणि त्यावरून मोल ठरवतात. समजा, एक कार्ड २०,००० रुपयांचे असून ८० चित्रे काढते. दुसरे ३०,००० रुपयांचे असून ११० काढते. पहिल्यात एका चित्राला २५० रुपये पडले, दुसऱ्यात सुमारे २७३. पहिले स्वस्त ठरले. परंतु कार्ड काही एकटे चालत नाही. उरलेल्या संगणकाला ४०,००० रुपये पडणार असतील, तर तोच हिशेब ७५० आणि ६३६ असा उलटा होतो! जुन्या यंत्रात केवळ कार्ड बदलणाऱ्याला पहिले कार्ड परवडते, सारेच नवे घेणाऱ्याला दुसरे.

शिवाय ही संख्या सरासरी असते, आणि सरासरी बरेच काही झाकून ठेवते. पन्नास चित्रे झरझर येऊन एकावन्नावे अडखळले, तर सरासरीला त्याची फारशी दखल नसते. खेळणाऱ्याच्या हाताला मात्र तो ठेचकाळल्यासारखा धक्का जाणवतो. म्हणून जाणते परीक्षक सर्वांत मंद अशा एक टक्का चित्रांचा वेग वेगळा देतात. कमी किमतीच्या कार्डाची परीक्षा करताना आधी पाहावा तो हाच आकडा.

आता मुख्य मुद्दा. किंमत कमी करायची तर निर्मात्याला कोठेतरी कात्री लावावीच लागते. ती कोठे लागली, हे कळले की कार्डाचे निम्मे मर्म कळते. चित्र रंगवणारे कोअर कमी केले तर खेळ सर्वत्र सारखाच थोडा मंदावतो. खेळातील चित्रांची प्रत एक पायरी उतरवली की भागते. मेमरी छाटली तर मात्र परिणाम निराळा होतो. दृश्यातील भिंती, झाडे, चेहरे यांचे पोत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवलेले असतात. ती भरली की उरलेला माल संगणकाच्या मेमरीतून, मदरबोर्डावरील अरुंद वाटेने, ऐनवेळी आणावा लागतो. तोवर खेळ अडतो, नाहीतर भिंती पुसट दिसू लागतात. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' हा खेळ संगणकावर आला, तेव्हा आठ गिगाबाइट मेमरीच्या चांगल्या कार्डांनाही हा अनुभव आला. पुढे खेळात दुरुस्त्या झाल्या, पण धोक्याची सूचना मिळून गेली होती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एएमडी कंपनीचे आरएक्स ६५०० एक्सटी. जानेवारी २०२२ मध्ये, कार्डांचा तुटवडा ऐन भरात असताना, ते अमेरिकेत १९९ डॉलर या किमतीने जाहीर झाले. त्याला मेमरी होती चार गिगाबाइट. तेवढी मेमरी नव्या खेळांना अपुरी पडते, असे याच कंपनीने २०२० मध्ये आपल्या संकेतस्थळावर लिहिले होते, हा भाग वेगळा. खरी कात्री लागली ती वाटेला. मदरबोर्डाच्या खाचेत सोळा मार्गिका असतात. या कार्डाने त्यांपैकी चारच वापरल्या. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या चारांतून सेकंदाला सुमारे आठ गिगाबाइट माहिती जाते, तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर जेमतेम चार. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १४४ गिगाबाइट पुरवते, हे लक्षात घेतले म्हणजे ती भरल्यावर काय होत असेल याची कल्पना येते. आणि कमी किमतीचे कार्ड घेतो कोण? बहुधा ज्याचा मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीचा आहे तोच. ज्याच्यासाठी वस्तू काढली, त्याच्याच घरी ती सर्वांत लंगडी पडावी, हा विपर्यास नव्हे तर काय?

सर्वच छाटणी वाईट नसते, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०५० चा सहा गिगाबाइटचा प्रकार आणला. मूळच्या २५६० कोअरऐवजी त्यात २३०४ आहेत, मेमरीचा वेगही कमी आहे. पण ते सुमारे ७० वॉटवर चालते. मदरबोर्डाची खाच ७५ वॉट देते, तेव्हा वेगळी वीजतार जोडावी लागत नाही. कचेरीतून निवृत्त झालेला, लहान पॉवर सप्लायचा संगणक ज्याच्यापाशी आहे, त्याला हीच छाटणी सोयीची ठरते. खेद एवढाच की, दोन्ही कार्डांचे नाव जवळजवळ एकच आहे.

नावाचा हा खेळ जुना आहे. २०१६ मधील जीटीएक्स १०६० च्या तीन गिगाबाइटच्या कार्डात सहा गिगाबाइटच्या कार्डाहून कोअरही कमी होते, पण नावात त्याचा पत्ता नव्हता. जीटी १०३० ची कथा याहून वाईट. २०१७ च्या कार्डात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होता. २०१८ मध्ये त्याच नावाने निघालेल्या डीडीआर४ प्रकारात तो सुमारे १७ वर आला. म्हणजे नाव तेच आणि बळ एक तृतीयांश! एप्रिल २०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआयमध्ये आणि जून २०२५ च्या आरएक्स ९०६० एक्सटीमध्ये आठ व सोळा गिगाबाइटचे प्रकार एकाच नावाने आले. जाहीर किमतीतील फरक दोन्हींत ५० डॉलर होता. पाच वर्षे वापरायचे असेल तर त्या ५० डॉलरांइतका सार्थकी लागणारा खर्च या बाजारात क्वचितच आढळतो.

उलट, छाटणी न करताही एखादे कार्ड एखाद्या घरी तोकडे पडू शकते. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला, बारा गिगाबाइट मेमरीसह आले. त्याची वाहवा झाली ती योग्यच होती. परंतु जुन्या, कमी ताकदीच्या प्रोसेसरशी जोडताच त्याचा वेग बराच घसरतो, हे पुढच्याच महिन्यात उघडकीस आले. परीक्षण वाचताना परीक्षकाचा प्रोसेसर कोणता होता, हे पाहण्याची सवय म्हणूनच हवी. डॉलरची किंमतही जशीच्या तशी धरू नये. तीत कर मिळवलेला नसतो. आपल्याकडे जीएसटी, आयातीचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा मिळून दोन कार्डांमधील अंतरच बदलते. तिकडे उत्तम ठरलेला सौदा इकडे सामान्य ठरू शकतो, आणि क्वचित याच्या उलटही घडते.

जाहिरातीतील चित्रसंख्येबद्दल थोडेसे. डीएलएसएस, एफएसआर या तंत्रांत चित्र लहान काढून मोठे केले जाते. फुल एचडी पडद्यासाठी मूळ चित्र बहुधा १२८० गुणिले ७२० चेच असते; मुळात तपशील थोडा, त्यामुळे मोठ्या पडद्यावर दिसणारी सफाई येथे येत नाही. दोन खऱ्या चित्रांमध्ये तिसरे कल्पिलेले चित्र घालण्याचे तंत्र आकडा दुप्पट करते. पण कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब त्याने कमी होत नाही. मुळात तीस चित्रे निघत असतील तर हाताला तीसच जाणवतात.

जुन्या कार्डांचा बाजार मोठा आहे आणि मोलाच्या दृष्टीने मोहकही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे उत्खनन बंद पडले आणि त्यात राबलेली कार्डे ढिगाने विक्रीस आली. त्यांतील सर्वच वाया गेलेली नव्हती. पंखे मात्र झिजलेले असत. आरएक्स ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ कोअरचे कार्ड गळ्यात मारले जाते, आणि फार जुन्या कार्डाला नवे नाव देणारी बनवाबनवीही होते. जीपीयू-झेड नावाचा छोटा, मोफत प्रोग्राम कोअरची संख्या, मेमरी आणि मार्गिका क्षणात दाखवतो. कार्ड दुकानातच संगणकाला जोडून घ्यावे, या प्रोग्रामने तपासावे, अर्धा तास एखादा जड खेळ चालवून तापमान आणि पंख्यांची घरघर पाहावी, आणि मगच पैसे मोजावेत. याला राजी न होणारा दुकानदार भेटला, तर शेजारचे दुकान उघडेच असते.